बाबांनी मोजलेला ह्यू

माझ्या सासऱ्यांच्या मते या पृथ्वीवरची एकही वस्तू तिच्या मूळ जागेवर नाही. प्रत्येक जण साधारण नऊ इंच दुसऱ्याच्या हद्दीत सरकलेला आहे आणि हे कोणीतरी त्याला वेळच्या वेळी सांगायला हवं. हा कोणीतरी म्हणजे अर्थातच ते स्वतः. यवतमाळ जिल्ह्यात सगळी नोकरी त्यांनी भूमी अभिलेख खात्यात मोजणीवर काढली. निवृत्त झाल्यावर शेतं हातची गेली म्हणून उरलेलं जग मोजायला घेतलं. आमच्या लग्नात, अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टकांसाठी श्वास घेतलेला, आणि हे मागून म्हणाले, "मांडव तिरका आहे." माझ्या माहेरची पुण्याची मंडळी तोंडाला रुमाल लावून हसली. माझ्या वडिलांनी मात्र जेवणाच्या पंगती उठल्यावर गुपचूप दोरी लावून पाहिली. मांडव खरंच तिरका होता. तेव्हापासून माझे वडील त्यांना वचकून असतात.

सासूबाई गेल्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे २०२०च्या फेब्रुवारीत, ते आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या डून लेरीला, दोन महिन्यांसाठी आले. लोकांचे सासू-सासरे येताना लोणची आणि पापड आणतात. बाबांनी आणलेल्या बॅगेत एक पोलादी टेप, एक होकायंत्र आणि भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा पितळेचा ओळंबा निघाला. डब्लिनच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने तो ओळंबा हातात धरून हे काय आहे असं विचारलं, तेव्हा बाबांनी तो त्याच्याच टेबलापाशी सोडून दाखवला आणि "युअर टेबल इज आउट, सर" असं कळवलं. त्याने वाकून पाहिलं, "सो इट इज" म्हणाला आणि सोडून दिलं. या एका प्रसंगावरून बाबांचं आयरिश माणसाबद्दल जे चांगलं मत झालं ते कायमचं. पुढे महिन्याभरात सगळं बंद झालं, विमानं थांबली आणि दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. नवरा वरच्या चिमुकल्या खोलीत बसून काम करायचा, मी जेवणाच्या टेबलावर, आणि आमच्या मधून बाबा टेप ओढत फिरायचे. घरातल्या प्रत्येक कपाटाची उंची, प्रत्येक दाराचा कोन त्यांच्या वहीत चढला. कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात हे कळल्यावर वहीत तसं लिहिलं. 'ग्रँड' हा शब्द तर त्यांनी असा उचलला की वरण कसं झालंय याचं उत्तरही ग्रँड आणि पोट कसं आहे याचंही ग्रँडच.

सरकारने घरापासून दोन किलोमीटरच्या आत राहा असं सांगितलं तेव्हा साऱ्या आयर्लंडमध्ये आनंद झालेला एकमेव माणूस आमच्या घरात होता. इतक्या वर्षांनी कोणीतरी हद्द आखून दिली होती. सत्तरीच्या पुढच्यांनी तर घराबाहेरच पडायचं नव्हतं, पण मे महिन्यात त्यांना जरा फिरायची मोकळीक मिळाली आणि हे पहिल्याच दिवशी पावलं मोजत निघाले. तोवर हद्द पाच किलोमीटर झाली होती. समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे जाता जाता एका नाक्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, त्यांना हटकलं. घर किती लांब आहे? बाबांनी वही काढून आकडा सांगितला, पावलांच्या लहानमोठेपणामुळे पंधरा मीटरची चूक गृहीत धरली आहे असंही सांगितलं, आणि मग त्याने उभं केलेलं बॅरिकेड हद्दीच्या दीडशे मीटर अलीकडे आहे, ते पुढे सरकवावं, अशी सूचना केली. गार्डाने मला फोन लावला. मी शरमेने अर्धमेली झाले होते. तो मात्र म्हणाला, "नाही, नाही, गृहस्थ एकदम ग्रँड आहेत, फक्त ते जात नाहीयेत."

आता शेजाऱ्याकडे येते. आमच्या आणि शेजारच्या घराच्या परसात एक कुंपणझुडपांची रांग आहे, छातीइतकी उंच. पलीकडे ऐंशीच्या घरातले एक आजोबा एकटे राहतात. डून लेरीहून पलीकडे वेल्सला टपालबोट जायची, तिच्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं. आम्ही इथे चार वर्षं राहत होतो आणि आमचं बोलणं हवामानाच्या पुढे गेलं नव्हतं. एप्रिलच्या एका सकाळी मी कामात असताना परसातून बाबांचा खणखणीत इंग्रजी आवाज आला. त्यांनी कुंपण मोजलं होतं. ते नऊ इंच आमच्या हद्दीत आलं होतं. मी लॅपटॉप तसाच टाकून धावले. आजोबा पलीकडे हातात चहाचा मग घेऊन उभे होते आणि शांतपणे विचारत होते, "नऊ? मला वाटलं होतं बारा तरी असतील." एवढं बोलून ते हसू लागले, आणि बाबाही. मोजणीच्या धंद्यात अतिक्रमण कबूल करणारा माणूस बाबांना पहिल्यांदाच भेटला होता. त्या दिवसापासून त्यांनी आजोबांना 'पाटील' म्हणायला सुरुवात केली, आणि आजोबा ह्यांना 'सर्व्हेयर' म्हणू लागले. दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी निम्मंच कळायचं. उरलेलं निम्मं मी सांगायचे.

पाटलांनी ह्यूची गोष्ट काढली ती साधारण जूनमध्ये. ह्यू हा त्यांचा खापर-खापर-खापर पणजोबा, म्हणजे नेमके किती 'खापर' ते बाबांनी नंतर काढून दिलं. इथल्याच उत्तरेकडच्या मोनॅहनमधल्या गावातून बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून तो अमेरिकेला गेला. जंगलाच्या कडेला, जिथून पुढे गोऱ्यांची वस्ती संपत होती, तिथे त्याने जमीन धरली आणि बायकोला कळवलं की घर उभं झालं की तुम्हाला बोलावतो. एवढ्यात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. ह्यू बंड केलेल्या अमेरिकनांच्या फौजेत शिरला, आणि मग पत्र नाही की निरोप नाही. पाटलांच्या एका चुलतबहिणीने कधीतरी अमेरिकेतून फौजेच्या हजेरीपटाच्या पानाची नक्कल पाठवली होती. त्यावर ह्यूच्या नावापुढे एकच शब्द होता: फरार. म्हणजे बायको सोडली ती सोडलीच, फौजही सोडली. घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर पिढ्यांची नावं लिहिलेली होती. त्यात ह्यूचं नाव कोणीतरी रेघ मारून खोडलं होतं, आणि त्यांच्या घरात कोणी न सांगता निघून गेलं, शब्द मोडला, की म्हणायची पद्धत पडली होती, 'ह्यूचं रक्त'.

हे सगळं पाटलांनी हसत सांगितलं. पण शेवटी म्हणाले, "माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी घर सोडून इंग्लंडला निघाला. माझ्याच बोटीवर होता. मी त्याची बॅग उचलून दिली आणि तेच म्हणालो. ह्यूचं रक्त. तो परत आला नाही, तिकडेच वारला." मग मगात बघत म्हणाले, "डॉक्टर म्हणतात माझं हृदय आता फार दिवसांचा सोबती नाही. मला एवढंच कळायला हवं की ह्यू खरंच तसा होता का. नसेल तर मी भावाला जे बोललो ते निदान चूक होतं एवढं तरी समजेल."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. ते तसेच घरात आले, माझ्याकडून एक नवी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'प्रकरण क्र. १. ह्यू, मयत.'

पुढचे सहा महिने आमच्या परसात सरकारी कचेरी चालली. दर मंगळवारी अकरा वाजता सुनावणी असायची. सोमवारी बाबा पाटलांच्या पत्रपेटीत नोटीस टाकायचे, की उद्या अकरा वाजता कुंपणापाशी मूळ कागदांसह हजर राहावे. पाटील पहिल्यांदा ती घेऊन हसत आले होते. दुसऱ्या मंगळवारी कोट घालून आले आणि तिसऱ्या मंगळवारपासून टाय लावून. दोन मीटर अंतर ठेवायचं म्हणून बाबांनी दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ ओढली होती. पाऊस आला तर दोघं आपापल्या रेघेवर छत्री धरून उभे राहायचे. मी कारकून, दुभाषी आणि शिपाई. माझी मंगळवारची अकराची मीटिंग मी कोणत्या कारणाने पुढे ढकलत असे ते मी ऑफिसात कधीच सांगू शकले नाही.

बाबांची पद्धत साऱ्या जगापेक्षा उलटी होती. पाटलांनी आणि त्यांच्या चुलतबहिणीने आयुष्यभर ह्यूचं नाव शोधलं होतं आणि ह्यूच्या नावाचा कागद काही सापडत नव्हता. बाबा म्हणाले, "त्याले शोधूच नका. त्याचे शेजारी शोधा. माणूस सोताच्या कागदात खोटं लिहील, नाहीतर लिहिणारच नाही. पण शेजाऱ्याच्या चतुःसीमेत तो सापडतेच, बेटा. धुरा लागून असला म्हणजे शेजारी त्याले सोडत नाही." धुरा म्हणजे दोन वावरांमधला, शेतांमधला बांध. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस कोणाचा धुरा, हे चार शेजारी लिहिल्याशिवाय आपल्याकडे जमिनीचा कागद होत नाही. तिकडचंही तसंच निघालं. ह्यूने बायकोला पाठवलेलं पत्र पाटलांच्या घरात जपलेलं होतं, त्यात एका ओढ्याचं नाव होतं. मी त्या भागाच्या कचेरीच्या संकेतस्थळावर चढवलेले जुने कागद उपसले आणि त्या ओढ्याकाठच्या जमिनी काढल्या. अक्षर असं की मला एक ओळ वाचायला अर्धा तास लागावा. बाबांना मात्र वऱ्हाडातले इंग्रजांच्या वेळचे मोजणीचे कागद वाचायची सवय, ते घडाघडा वाचत गेले. 'सुरुवात पांढऱ्या ओकच्या झाडापासून, तिथून उत्तरेस चाळीस पोल, तिथून ओढ्याच्या कडेकडेने...' पोल म्हणजे किती, ते मी शोधून सांगितलं. साडेसोळा फूट. बाबा खुर्चीतून उठले. "म्हणजे दोन पोल तेहतीस फूट! अरे, ही तं आपली साखळी झाली!" आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तो दिवसभर ते घरात असे वावरले की जणू अमेरिकेत त्यांची सोयरीक निघाली आहे.

मग एक-एक शेजारी गोळा होत गेला. उत्तरेचा सापडला, पूर्वेचा सापडला. बाबा ड्रॉइंगच्या कागदावर होकायंत्राचे कोन काढून एकेक जमीन उतरवायचे. आमचं जेवणाचं टेबल ऑगस्टपर्यंत त्या कागदांखाली गेलं, आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायला लागलो. नवरा एकदा म्हणाला, "बाबा, आता तरी आवरा," तर म्हणाले, "ह्यूले जागा सापडली की तुले टेबल देतो." एका संध्याकाळी चार जमिनी चारी बाजूंनी कागदावर बसल्या आणि मधोमध एक कोरा, वाकडा चौकोन उरला. चारी शेजाऱ्यांच्या कागदात त्या बाजूला एकच नाव होतं. ह्यू. त्याच्या नावाचा कागद अजूनही मिळाला नव्हता आणि त्याचं वावर मात्र आमच्या टेबलावर पडलं होतं. शिवाय उत्तरेच्या शेजाऱ्याच्या मोजणीत साखळी धरणारी दोन माणसं म्हणून नावं होती, त्यातलं एक ह्यूचं. बाबांना हे सांगताना माझा आवाज चढला होता. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं. नंतर म्हणाले, "म्हणजे साखळी ओढून राहिला होता बिचारा. आपल्याच खात्यातला निघाला."

पुढच्या मंगळवारी पाटलांनी कुंपणावरून तो नकाशा पाहिला. खूप वेळ पाहिला. मग हजेरीपटाची नक्कल खिशातून काढून म्हणाले, "हे सगळं खरं, सर्व्हेयर. पण हा शब्द आहेच." बाबांनी लांबूनच विचारलं, तारीख काय? जुलै. बाबा माझ्याकडे वळले, "तिकडं गहू कवा निघते?" मी फोनवर पाहिलं. जुलैत. "आन् जंगलातल्या जमिनीचा कब्जा कायवर टिकते?" हेही शोधलं. जंगल तोडून पीक काढलं असेल तरच हक्क टिकायचा. बाबा पाटलांना म्हणाले, "पाटील, पीक उभं. बायको-पोर यायची आहे. पीक गेलं म्हणजे वावर गेलं. फौजेत सारे शेतकरीच. तो घरी गेला कापणीले. लिहिणाऱ्याने लिहिलं फरार." मग आवाज चढवून, अगदी दटावल्यासारखं म्हणाले, "शेरा वाचून कागद बंद करायचा नाही. पुढचं पान पाहा!"

पुढचं पान कोणीच पाहिलं नव्हतं. चुलतबहिणीने ज्या पानावर शेरा होता तेवढ्याच पानाची नक्कल काढली होती, आणि तिच्याआधी ज्याने कोणी बायबलमध्ये रेघ मारली त्याने कुठलंच पान पाहिलं नसणार. मला ते सापडायला नऊ दिवस लागले. सप्टेंबरच्या पटात ह्यूचं नाव होतं आणि त्यापुढे होतं, 'परत रुजू'. फेब्रुवारीच्या पटात होतं, 'छावणीत तापाने मृत्यू'. म्हणजे तो ना फौजेतून पळाला होता, ना घरापासून. त्याला फक्त वेळ मिळाला नव्हता. मी हे कुंपणापाशी इंग्रजीत वाचून दाखवलं. पाटलांनी टायची गाठ सैल केली आणि "राइट" एवढंच म्हणून घरात गेले. थोड्या वेळाने त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते टेबलाशी बसलेले दिसले. पुढ्यात बायबल होतं. मी खिडकीपासून बाजूला झाले.

खरं तर प्रकरण इथे निकालात निघायचं. पण बाबांचं समाधान झालं नव्हतं. मेल्यावर त्या वावराचं काय झालं? चतुःसीमेत पुढे कोणाचं नाव लागलं? सरकारी माणसाला वारस लागल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून मी पुढच्या वर्षांचे कागद काढले. पूर्वेच्या शेजाऱ्याने बारा वर्षांनी आपली जमीन मुलांमध्ये वाटली होती. त्या कागदात पश्चिमेच्या हद्दीला लिहिलं होतं, 'ह्यूच्या विधवेची जमीन.' आणि पुढे, 'गैरहजर.'

ती बाई तिथे कधी गेलीच नव्हती. तिने तो समुद्र ओलांडला नव्हता. नवरा मेला हेही तिला कळलेलं नव्हतं, ती मोनॅहनमध्ये त्याला शिव्या देत म्हातारी होत होती. आणि तिकडे जंगलाच्या कडेला, ज्यांनी तिला पाहिलंही नव्हतं असे शेजारी बारा वर्षं तिचा धुरा सोडून नांगरत होते. ह्यूने साखळी धरता धरता त्यांना तिच्याबद्दल किती सांगितलं असेल. मला रडू आलं. मी बाबांकडे पाहिलं, तर ते त्या शेवटच्या शब्दाकडे बघत होते. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मंगळवारी नोटीस न देताच ते कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. पाटील आले. बाबा मला म्हणाले, "मी सांगतो ते त्याईले सांग. काही गाळू नको." आणि मला आजवर न सांगितलेली, माझ्या नवऱ्यालाही माहीत नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली. नोकरीची सुरुवात होती. दारव्ह्याकडच्या एका गावात धुऱ्याचा वाद होता आणि मोजणीची तारीख लागली. एका धुऱ्याची मालकीण बाई होती. तिचा नवरा यवतमाळच्या दवाखान्यात, ती त्याच्यापाशी. नोटीस तिच्या बंद दाराला चिकटवलेली. बाबांनी दिवसभर मोजणी केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि तिच्या नावापुढे लिहिलं, 'नोटीस देऊनही गैरहजर'. हद्द समोरच्याच्या म्हणण्याप्रमाणे पडली. तिच्या बाजूचं मोहाचं झाड पलीकडे गेलं. "साखळी गुंडाळून राहिलो होतो, तवा ती आली. एस.टी.तून उतरून पळत आली होती. हातात दवाखान्याची पिशवी. म्हणे, साहेब, मी आली. मी आली ना साहेब." मी तेवढं इंग्रजीत सांगितलं, मग बाबा पुढे म्हणाले, "मी म्हणालो, बाई, आता कागद बंद झाला. माझ्या हातात पेन होता, बेटा. खिशातसुद्धा ठेवला नव्हता."

माझं भाषांतर काही धड झालं नाही. पाटलांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी बाबांना धीर दिला नाही, तेव्हा तुम्ही तरुण होता असंही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "ती बाई आहे का अजून?" बाबा म्हणाले, "मालूम नाही." पाटील म्हणाले, "मग सर्व्हेयर, पुढचं पान पाहिलं नाही तुम्ही." त्या दोघांमध्ये पहिल्यांदाच मला भाषांतर करावं लागलं नाही.

विमानं नीट सुरू होऊन बाबा निघाले ते २०२१च्या ऑगस्टमध्ये. निघायच्या आदल्या दिवशी परसात कात्रीचा आवाज आला. पाटील टाय लावून, डॉक्टरांचं न ऐकता, कुंपण छाटत होते. दोन तास लावून त्यांनी आमच्या बाजूचं सगळं छाटलं आणि बाबांना बोलावलं. बाबांनी टेप लावला, वाकून पाहिलं, पुन्हा लावला. "साडेनऊ," ते म्हणाले. "अर्धा इंच जास्ती कापलं तुम्ही. तुमचंच नुकसान झालं." पाटील म्हणाले, "ते तुमच्याकडे राहू द्या." हात मिळवायची अजून दोघांनाही भीती होती. बाबांनी टेपचं टोक कुंपणावरून त्यांच्या हातात दिलं, पाटलांनी ते धरलं, आणि दोघं दोन टोकं धरून बराच वेळ काहीही न मोजता उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाबांची बॅग दोन किलोने हलकी भरली. पितळेचा ओळंबा ते पाटलांच्या पत्रपेटीत टाकून गेले होते.

बाबा गेल्यावर घरातली कपाटं, दारं सगळी एकदम सरळ वाटायला लागली आणि मला ते अजिबात आवडलं नाही. जेवणाच्या टेबलावर जागा झाली होती, पण आम्ही आपले मांडीवरच ताट घेऊन बसायचो. तिकडे बाबा ह्या वयात एस.टी.ने दारव्ह्याला खेपा घालत होते. फोनवर विचारलं की म्हणायचे, "ग्रँड आहे." नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे कापसाचं वावर, खाटेवर बसलेली एक फार म्हातारी बाई, आणि टोपी हातात घेऊन तिच्यापुढे जमिनीवर बसलेले माझे सासरे. तिने त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "झाड तं तवाच तोडलं त्याईनं. आता कायले आले, साहेब? काय द्याले आले?" बाबा म्हणाले, द्यायला माझ्याकडे काहीच नाही. ती म्हणाली, "तं मंग लिहा. मी आली होती, असं लिहा."

त्यांनी वहीचं पान फाडून लिहिलं होतं. त्याचा फोटो मला पाठवला. कोणत्याही कचेरीत त्या पानाला किंमत नव्हती, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. 'सदर बाई मोजणीच्या दिवशी जागेवर हजर होती. उशिरा आली, पण आली. मी लिहिलेला शेरा चुकीचा आहे.' खाली त्यांची लांबलचक सरकारी सही, हुद्द्यासकट, आणि त्याखाली प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर सुटं काढलेली तिची सही.

अकरा वाजले होते. मी फोन घेऊन परसात गेले. नोटीस दिली नव्हती, पण पाटील कुंपणापाशी होते, आणि गळ्यात टाय होता. मी पान दाखवलं. आधी मराठीत वाच, ते म्हणाले. मी वाचलं. मग इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, त्या सुट्या अक्षरांच्या सहीवर फोनच्या काचेवरूनच बोट फिरवलं आणि विचारलं,

"म्हणजे ती तिथे होती."

"होती," मी म्हटलं.